पंप चांगलाच होता

नोझल गेलंय, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. सकाळी सेल्फ मारला की आमचा 575 ट्रॅक्टर पांढरा धूर ओकायचा, गरम झाला की काळा, आणि रोटाव्हेटर जमिनीला टेकला की टक-टक ठोका. पण मिस्त्रीनं बॉनेटवर हात ठेवला आणि निकाल दिला, ‘पंप बसलाय.’ म्हटलं, अहो, आधी एकेक पाइप ढिला करून तर बघा. तर म्हणे, ‘पाटील, तुम्ही शेती बघा, इंजिन आम्ही बघतो.’

अंतरवाली सराटीचा माणूस म्हटलं की 2023 च्या सप्टेंबरपासून समोरचा मराठा आरक्षणाच्या आंदोलनाचंच काढतो. यानंही अर्धा तास तेच काढलं. मंडप कुठं होता, लाठीमार झाला तेव्हा तुम्ही कुठं होता, सगळं विचारून झालं. इंजिनाबद्दल एक प्रश्न नाही. ऑइल वाढतंय का, एवढं विचारलं असतं तरी पुढचं टळलं असतं. पंप निघाला, जालन्याला गेला, कॅलिब्रेशन होऊन आला, बिल पाच आकडी. ट्रॅक्टर सुरू केला तर तोच धूर, तोच ठोका. त्यावर या गड्याचं उत्तर काय, तर ‘इंजिनच थकलंय, हाफ इंजिन करावं लागेल.’

तिथून ट्रॅक्टर घरी आणला. अंकुशनगरच्या साखर कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत तो उभा राहायला हवा होता.

दोषी सिलिंडर शोधायला मशीन लागत नाही. इंजिन मंद चालू ठेवायचं, 17 चा पाना घ्यायचा आणि नोझलवर येणाऱ्या पाइपचा नट अर्धा आटा ढिला करायचा, एका वेळी एकच. चांगल्या सिलिंडरचा नट ढिला झाला की इंजिन लगेच लंगडतं. ज्याचा ढिला करून आवाजात फरक पडत नाही, तो गुन्हेगार. आमचा तिसरा निघाला. मग ऑइलची पट्टी काढून वास घेतला तर डिझेल. पातळीही खुणेच्या वर. तिसऱ्यात न जळलेलं डिझेल रिंगांवरून खाली चेंबरमध्ये उतरत होतं, आणि मिस्त्रीला ते दिसलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवा. हे फक्त जुन्या, मायको पंपाच्या इंजिनावर. (कंपनीचं नाव 2008 ला बॉश झालं, पण आमच्याकडे नोझल आजही मायकोचंच मागतात.) कॉमन रेलच्या इंजिनावर चालू असताना नटाला पाना लावायचा नाही, तिथं दाब हजार बारच्या पुढे असतो. 1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे नवे नियम लागलेत, त्यांत बहुतेक कॉमन रेलच आहेत. जुन्यावरही बेफिकिरी नको. आपलं नोझल साधारण 200 ते 250 बारला उघडतं, आणि मागच्या टायरात हवा असते एक-दीड बार. तो फवारा बोटातून आत जातो. टोचल्यासारखा बारीक ठिपका दिसतो, दुखतही नाही, आणि काही तासांत हात सुजतो. अशा वेळी मलम लावत घरी बसू नका. थेट दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, दाबाचं डिझेल आत गेलंय. वेळ गेली तर बोट जातं.

नोझल काढण्याआधी भोवतालची माती ब्रशनं आणि हवेनं साफ करा. ढेकळाचा कण आत पडला तर नवं नोझल त्याच दिवशी संपतं. पाइप वाकवू नका, तोंडांना स्वच्छ प्लास्टिक बांधा. अडकलं असेल तर आदल्या रात्री कडेनं डिझेल सोडून ठेवा आणि गोल फिरवत काढा. पहारीनं उचकटू नका.

आमचं सहज निघालं, एक वॉशर घेऊन. मी मोबाइलचा टॉर्च भोकात धरला. तळाशी काजळी, आणि काजळीत एक गोल कड. आधी वाटलं, बैठकच असेल. सळईचं टोक लावलं तर कडेला पायरी लागली. शेजारच्या दुसऱ्या सिलिंडरचं नोझल काढून त्या भोकात बघितलं. तिथं पायरी नव्हती. तिसऱ्यात आणखी एक तांब्याचं वॉशर बसलेलं होतं, जुनं, चेपलेलं, काळं.

मी बराच वेळ तसाच वाकून उभा होतो. हेड उघडलेलं नाही, आणि मागच्या हंगामाआधी चारी नोझलं काढून टेस्टिंगला नेली होती ती याच मिस्त्रीनं. जुनं वॉशर आत राहिलं, वरून नवं ठोकलं. नोझलचं टोक तेवढं वर राहिलं, फवारा भोकाच्या कडेवर आदळायला लागला, टोकावर काजळी चढली. आणि आपल्याच हातचं ते काम झाकून तो मला पंपाचं बिल लावून मोकळा!

वॉशर काढताना सळईच्या टोकाला ग्रीस लावा, म्हणजे काजळी खाली न पडता चिकटून येते. उरलीसुरली उडवायला नोझल काढलेलं असतानाच सेल्फ मारा, तोंड लांब ठेवून. जुनं नोझल मी जालन्याला नेलं आणि टेस्टरवर डोळ्यांसमोर लावायला सांगितलं. धुकं पडायच्या ऐवजी थेंब गळत होता. नवं नोझल घेतानाही तिथंच लावून बघा. ‘केलंय टेस्ट’ या शब्दावर पैसे देऊ नका. वॉशर दर वेळी नवं, आणि एकच. धरणारे नट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा, नाहीतर नोझल तिरकं बसून कडेनं फुसफुस करतं. मग हँड प्राइमरनं फिल्टरची एअर काढा, पाइपचे नट ढिले ठेवून सेल्फ मारा, बुडबुड्याविना डिझेल आलं की आवळा. आणि डिझेल मिसळलेलं ऑइल ताबडतोब बदला. त्यावर नांगरट केली तर बेअरिंगं जातील, मग खरंच हाफ इंजिन करावं लागेल. कच्चं का होईना, बिल मागत जा. जुने पार्ट परत मागत जा.

दोन्ही वॉशर त्याच्या काउंटरवर नेऊन ठेवली. उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, ‘मग इंजिन चालत होतं ना इतके दिवस?’ पंपाच्या पैशांचं काढलं तर म्हणे, ‘कॅलिब्रेशन वाया गेलं का? पंप आता चार वर्षं बघायला नको.’ मी म्हटलं, तो आधीही बघायला नको होता. पैसे अजून आलेले नाहीत.