माणसाची पारख : अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमधील गुणदोषपरीक्षण

व्यापाऱ्यास दोन विद्या अवगत असाव्या लागतात. एक मालाच्या पारखेची आणि दुसरी माणसाच्या पारखेची. पहिली विद्या आपल्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या शिकविली जाते. वानगीचे धान्य मुठीत घेतले की त्यातील ओल व खडा कळतो. सोने कसाला लावले की त्याचा कस दिसतो. परंतु मुनीम नेमताना, विक्रीस माणूस ठेवताना किंवा नवा भागीदार घेताना अशी वानगी हाती येत नाही. तेथे आपण ओळखीवर, शिफारशीवर आणि पहिल्या भेटीत झालेल्या ग्रहावर विसंबतो, आणि पुष्कळदा त्याची किंमत वर्षानुवर्षे मोजतो.

या दुसऱ्या विद्येचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या धंद्यांपैकी अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल हा एक प्रमुख धंदा आहे. आपल्यापैकी ज्यांची मुले-नातवंडे त्या देशात आहेत, त्यांच्या कानांवर या खेळाची नावे पडत असतीलच. त्या खेळातील तज्ज्ञ एखाद्या खेळाडूचे गुण व दोष कसे ठरवितात, कोठे अचूक ठरतात आणि कोठे फसतात, याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

१. खेळ आणि निवडीची रीत

हा फुटबॉल आपल्याकडील फुटबॉल नव्हे. याचा चेंडू लंबगोल असून तो बहुतांशी हाताने खेळला जातो. प्रत्येक बाजूस ११ गडी असतात. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याने चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकावे; तसे न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्न अवघ्या काही सेकंदांचा असतो, आणि तेवढ्यात बावीस जणांपैकी प्रत्येकास आपापले नेमून दिलेले काम पार पाडावयाचे असते.

राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये आज ३२ संघ आहेत. महाविद्यालयांतून येणारे नवे खेळाडू त्यांच्यात वाटण्याच्या रीतीस ‘ड्राफ्ट’ म्हणतात. श्रीमंत संघांनी सर्व चांगले खेळाडू पळवू नयेत म्हणून फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी ही योजना सुचविली, आणि १९३६ साली पहिला ड्राफ्ट झाला. मागील वर्षी जो संघ सर्वांत दुबळा ठरला असेल त्याचा निवडीचा मान पहिला, असा तिचा साधारण नियम आहे. पहिल्याच ड्राफ्टमध्ये सर्वप्रथम निवडला गेलेला जे बर्वँगर हा नामांकित खेळाडू व्यावसायिक खेळाकडे वळलाच नाही. निवड आणि फळ यांच्यातील अंतर पहिल्याच दिवशी असे दिसून आले.

२. मापता येणारे गुण

१९८७ पासून इंडियानापोलिस या शहरी दरवर्षी तीनशेहून अधिक निमंत्रित तरुणांची एकत्र तपासणी होते. तिला ‘कंबाइन’ म्हणतात. तेथे उंची, वजन, हाताची लांबी व पंजाची रुंदी मोजतात. ४० यार्डांची, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरची, धाव घड्याळ लावून पाहतात. २२५ पौंडांचे, म्हणजे सुमारे १०२ किलोचे, वजन निजून किती वेळा वर उचलता येते हे मोजतात. उभ्याने उंच व लांब उडी, झटकन दिशा बदलण्याची चपळाई आणि वैद्यकीय तपासणी हेही असतेच. ही वैद्यकीय तपासणी वरवर पाहता गौण वाटते. परंतु अशी एकत्रित शिबिरे सुरू करण्यामागील मुख्य हेतू तोच होता. पूर्वी १२ मिनिटांत ५० प्रश्नांची एक बुद्धिपरीक्षाही तेथे घेत असत. ती २०२२ पासून बंद झाली.

या मापांचा लाभ उघड आहे. सर्वांस एकच घड्याळ आणि एकच वजन लागते. त्यामुळे लहान महाविद्यालयातील अपरिचित तरुणही नामवंतांच्या रांगेत उभा राहू शकतो. परंतु मापाची मर्यादाही तितकीच उघड आहे. घड्याळासमोर मनुष्य सरळ रेषेत, एकटा, अंगावर खेळाचे जड साहित्य नसताना धावतो. प्रत्यक्ष खेळात त्याच्या वाटेत कोणी तरी आडवा येत असतो. झेवियर वर्दी याने २०२४ साली ४० यार्ड ४.२१ सेकंदांत धावून कंबाइनचा नवा उच्चांक केला. उलटपक्षी, जेरी राइस याची धाव फारशी वेगवान मानली जात नव्हती. १९८५ साली तो सोळाव्या क्रमांकावर निवडला गेला, आणि वीस मोसमांच्या कारकीर्दीत झेल घेऊन २२,८९५ यार्ड मिळविण्याचा विक्रम त्याने केला. चेंडू पोहोचेल त्या जागी नेमक्या क्षणी हजर असणे हा त्याचा गुण कोणत्याही घड्याळात मावणारा नव्हता.

३. चित्रफितीचा पुरावा

म्हणून जाणते परीक्षक मुख्य भरवसा ठेवतात तो प्रत्यक्ष सामन्यांच्या चित्रफितींवर. क्लीव्हलँडच्या संघाचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी १९४६ नंतर प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक हालचालीस चित्रफीत पाहून गुण देण्याची शिस्त रुजविली. आज परीक्षक बावीसही गडी एका चौकटीत दिसतील अशी फीत लावून तोच प्रयत्न पुनःपुन्हा पाहतात. चेंडू कोठे गेला याकडे प्रेक्षकाचे डोळे असतात. परीक्षकाचे डोळे एकाच माणसाच्या पायांकडे असतात.

यातील मर्म असे की, प्रत्येक जागेचा निकष वेगळा. क्वार्टरबॅक हा डावाचा सूत्रधार. त्याचा हात किती जोरकस यापेक्षा, तीनेक सेकंदांत समोरची मांडणी ओळखून चेंडू कोणाकडे द्यावा हा निर्णय तो कसा घेतो, प्रतिस्पर्धी अंगावर चालून येत असताना त्याची नजर पुढेच राहते की घाबरून खाली वळते, आणि चेंडू धावत्या सहकाऱ्याच्या पुढ्यात पडतो की पाठीमागे, हे पाहतात. त्याच्या रक्षणास उभा असलेला टॅकल हा सव्वाशे-दीडशे किलोचा धिप्पाड गडी; पण परीक्षक प्रथम त्याच्या पायांचा हलकेपणा व हातांची लांबी पाहतात. शक्ती पुष्कळ, परंतु कमरेतून वाकून तोल जात असेल, तर ती शक्ती त्याच्याच अंगावर उलटते. झेल घेणारा रिसीव्हर चेंडू पंजांनी टिपतो की छातीशी कवटाळतो, आणि वळण घेताना वेग किती गमावतो, हे पाहतात. त्याच्यावर पहारा करणारा कॉर्नरबॅक मागे मागे धावता धावता किती सहज वळतो हे तर पाहतातच. शिवाय एकदा फसल्यावर पुढच्या प्रयत्नात तो पुन्हा निर्धास्त उभा राहतो काय, हेही टिपून ठेवतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. ‘हा खेळाडू चांगला आहे’ हे वाक्य या विद्येत निरर्थक आहे. कशासाठी चांगला, कोणत्या जागी, कोणत्या रचनेत, एवढे सांगितले म्हणजे वाक्य पुरे होते. दुकानाच्या ओट्यावर गिऱ्हाइकाला जिंकणारा माणूस वहीखात्यावर बसविला तर दोन्हीकडे नुकसान व्हावयाचे, हे आपणही जाणतोच.

४. शब्दांचे प्रमाण

खेळाडू पाहणारे अनेक, आणि प्रत्येकाची भाषा निराळी; ही या कामातील मोठी अडचण. एक परीक्षक ज्याला ‘चपळ’ म्हणतो त्याला दुसरा ‘सामान्य’ म्हणतो. हिच्यावर तोड काढण्यात एका भारतीयाचा हात होता, हे वाचून आनंद वाटेल. १९६० साली स्थापन झालेल्या डॅलस काउबॉइज या संघाचे व्यवस्थापक टेक्स श्राम यांनी संगणकाची मदत घेण्याचे ठरविले, तेव्हा ते काम मूळचे भारतातील संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी यांच्याकडे आले. कुरेशी यांना क्रिकेट ठाऊक होते. अमेरिकन फुटबॉलची त्यांना माहिती नव्हती. कदाचित त्यामुळेच त्यांनी जाणकारांच्या शब्दांना जसेच्या तसे स्वीकारले नाही. प्रत्येक शब्दाचा अर्थ काय आणि तो अंकात कसा मांडावा, हे विचारले. शेकडो गुणांच्या यादीतून छाननी होऊन, शरीराची मापे व वेग यांखेरीज पाच गुण मुख्य ठरले : चारित्र्य, चपळाई व शरीरावरील ताबा, स्पर्धेची ईर्षा, मनाची तत्परता, आणि बळ व त्याचा स्फोट. या पाचांत चारित्र्यास स्थान आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

५. दोषांचे तीन वर्ग

गुण ओळखणे तुलनेने सोपे. दोषाचे वजन ठरविणे कठीण. आमच्या मते दोष तीन वर्गांत विभागून पाहिल्यास विचार स्वच्छ होतो.

पहिला वर्ग शिकवणीने किंवा काळाने भरून निघणाऱ्या दोषांचा. टॉम ब्रेडी २००० साली १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक उचलले गेले होते. अंगकाठी किरकोळ, आणि ४० यार्डांस ५.२८ सेकंद म्हणजे धाव अगदीच मंद. परंतु अंगकाठी व्यायामाने भरली, आणि मंद पायांची उणीव त्वरित निर्णयाने झाकली गेली. त्याने पुढे सात अजिंक्यपदे मिळविली. परीक्षकांनी नोंदविलेले दोष खरेच होते. त्यांचे वजन मात्र अवाजवी धरले गेले.

दुसरा वर्ग, जे दोष जात नाहीत पण योग्य रचनेत सांभाळून घेता येतात, अशांचा. ड्रू ब्रीस हा क्वार्टरबॅकच्या मानाने बुटका, आणि २००५ च्या अखेरीस त्याच्या चेंडू फेकणाऱ्या खांद्यास गंभीर इजा झाली. मायामीच्या वैद्यांनी शंका घेतली. न्यू ऑर्लीन्सने २००६ साली जोखीम पत्करून त्याला घेतले आणि त्याच्या गुणांस अनुरूप अशी खेळाची रचना केली. फेब्रुवारी २०१० मध्ये तो संघ अजिंक्य झाला.

तिसरा वर्ग स्वभावातील दोषांचा. तो सर्वांत शेवटी दिसतो आणि सर्वांत महाग पडतो. १९९८ साली पेटन मॅनिंग आणि रायन लीफ यांपैकी पहिला कोण, याविषयी जाणकारांत खराखुरा मतभेद होता. मॅनिंग पहिला निवडला गेला व पुढे पाच वेळा मोसमाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. दुसरा निवडला गेलेला लीफ २००१ नंतर लीगमध्ये खेळला नाही. दुखापती झाल्याच; परंतु अपयश पचविण्याची मनाची तयारी तेव्हा आपल्यापाशी नव्हती, हे पुढे त्याने स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. दोघांची उंची जवळजवळ सारखी होती.

६. गुण आणि किंमत

माल उत्तम असला तरी भाव चढा असेल तर सौदा तोट्याचा, हा आपला नित्याचा अनुभव. ड्राफ्टमधील क्रमांक संघ आपसांत बदलून घेतात, आणि त्यासाठी १९९१ च्या सुमारास डॅलसच्या संघाचे एक भागीदार माइक मकॉय यांनी चक्क भावपत्रक तयार केले : पहिल्या क्रमांकास ३००० गुण, दुसऱ्यास २६००, दहाव्यास १३००. हे पत्रक इतर संघांनीही पुढे उचलले.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी या भावांची छाननी केली. त्यांचा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांना असे आढळले की, अग्रक्रमाचे खेळाडू सरासरीने सरस असले तरी त्यांच्यासाठी मोजली जाणारी किंमत त्या सरसपणाच्या मानाने फार अधिक होती. एकाच जागेसाठी निवडलेल्या लागोपाठच्या दोघांपैकी आधीचा सरस निघण्याचा संभव अर्ध्याहून थोडाच अधिक भरला. म्हणजे, आपली पारख जेवढी अचूक आहे त्यापेक्षा ती अधिक अचूक आहे असे मानून हे जाणते भाव देत होते. २०११ च्या करारानंतर नव्या अग्रक्रमी खेळाडूंचे वेतन मर्यादित झाले. परंतु स्वतःच्या पारखेवरील अतिविश्वासास कोणताही करार आळा घालू शकत नाही.

७. तराजूतील पासंग

येथवर मालाकडे पाहिले. आता तराजूकडे पाहणे प्राप्त आहे. वॉरन मून हा कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक जानेवारी १९७८ च्या प्रतिष्ठित रोझ बोल सामन्यात सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये १२ फेऱ्या झाल्या, आणि एकाही संघाने त्याला निवडले नाही. कृष्णवर्णीय तरुण धावण्यास, झेलण्यास उत्तम. सूत्रधारास लागणारी बुद्धी व नेतृत्व मात्र त्यांच्या ठायी नसते, असा समज त्या काळी रूढ होता, आणि अशा तरुणांस जागा बदलण्यास सांगितले जाई. मूनने जागा बदलली नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनच्या संघासह लागोपाठ पाच अजिंक्यपदे मिळविली, १९८४ साली ह्यूस्टनच्या संघात सन्मानाने परतला, आणि २००६ साली अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात प्रवेश मिळविणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. मधल्या काळात, जानेवारी १९८८ मध्ये, डग विल्यम्स याने वॉशिंग्टनच्या संघास अजिंक्यपद मिळवून देऊन त्या समजाचे उत्तर मैदानावरच दिले होते.

मूनच्या चित्रफिती सर्वांस उपलब्ध होत्या, आकडे सर्वांसमोर होते. उणीव होती ती पाहणाऱ्याच्या दृष्टीत. ब्रेडीच्या बाबतीत वजन करण्यात चूक झाली; मूनच्या बाबतीत तराजूच खोटा होता. पहिल्या चुकीत संघाचा नफा बुडतो. दुसरीत एका माणसावर अन्याय होतो, आणि जे मूनइतके चिवट नव्हते त्यांची नावेही आज कोणास ठाऊक नाहीत.

आमच्या व्यापारी बंधूंनी या सर्वांतून काय घ्यावे? माणूस नेमण्यापूर्वी कामाचे स्वरूप निश्चित करावे. सर्वांस एकच माप लावावे, पण मापास निकाल समजू नये. प्रत्यक्ष काम करताना त्यास पाहावे, आणि विशेषतः एखादी गोष्ट बिघडल्यावर तो काय करतो ते पाहावे. दोष दिसल्यास तो शिकवणीने जाणारा, सांभाळून घेण्याजोगा, की स्वभावात मुरलेला, याचा निवाडा करावा. आणि हे सारे करण्यापूर्वी, सकाळी दुकान उघडताना आपण जशी दोन्ही पारडी रिकामी असताना समतोल आहेत की नाहीत हे पाहून घेतो, तसे आपले मन पाहून घ्यावे. गाव, जात, घराणे, बोलण्याची ढब यांचा पासंग एका पारड्यात आधीच पडला असेल, तर पुढचे सर्व वजन व्यर्थ होय. उमेदवारीसाठी पेढीची पायरी चढणारा तरुण आपली परीक्षा देत असतो. त्याच वेळी आपल्याही पारखेची परीक्षा होत असते, एवढे भान राहिले तरी पुष्कळ झाले.