वजन काढायचं, पण कुठलं? स्की बाइंडिंगकडून शिकायचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी फळ्यावर स्कीच्या बाइंडिंगची आकृती काढली, तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटलं असेल, ‘सरांचं आज काय चाललंय? आपल्याकडे बर्फ कुठे पडतो?’ पण प्रॉडक्टमधून काय काढायचं आणि काय ठेवायचं, हे शिकवायला याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलं नाही. व्हिडिओत आकडे घाईत सांगितले होते. इथे नीट लिहितो. वही घ्या.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. माझं ट्रेकिंगच्या सामानाचं दुकान आहे. सुरुवातीच्या काळात गिऱ्हाईक सारखं म्हणायचं, “सॅक जड आहे हो.” मी कारागिराकडून ६० हलक्या सॅक शिवून घेतल्या. वजन कसं कमी केलं? कमरेचा पट्टा काढला आणि पाठीची पट्टी काढली. सॅक उचलली की हातात मस्त हलकी लागायची. पहिल्या महिन्यात धडाधड विकली. मग लोक हरिश्चंद्रगड करून परत आले. खांदे सोलवटलेले. कारण कमरेवर जाणारं सगळं ओझं आता खांद्यावर येत होतं. २३ सॅक परत आल्या. एक सॅक मला ११५० रुपयांना पडली होती, म्हणजे एकूण ६९ हजार गुंतले होते. त्यातले ४० हजार भिशीचे होते. पुढचं वर्षभर मी ते फेडत होतो.

मी वजन काढलं, पण चुकीचं वजन काढलं. आता बर्फात जाऊ.

बाइंडिंग म्हणजे काय?

स्कीची लांब पट्टी आणि पायातला बूट यांना जोडणारा खटका म्हणजे बाइंडिंग. साध्या स्कीइंगमध्ये माणूस लिफ्टने वर जातो आणि घसरत खाली येतो. त्यामुळे टाच घट्ट बांधलेली असली तरी चालतं. स्की टूरिंगमध्ये लिफ्ट नसते. स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाचा केसाळ पट्टा चिकटवायचा आणि आपल्याच पायांनी डोंगर चढायचा. चढताना टाच मोकळी उचलता आली पाहिजे, उतरताना तीच टाच बंद झाली पाहिजे, आणि पडलात तर पाय मोडण्याआधी बूट सुटला पाहिजे. एवढ्याशा खटक्याकडून ही तीन कामं हवी असतात.

जुना उपाय होता फ्रेमचा. बुटाखाली एक चौकट, आणि चढताना टाचेबरोबर ती अख्खी चौकट वर उचलली जायची. एका पायाला किलोभर किंवा त्याहून जास्त वजन. दिवसभरात हजारो पावलं, आणि प्रत्येक पावलाला ते लोखंड उचलायचं.

१९८४ साली फ्रिट्झ बार्थेल नावाचा ऑस्ट्रियाचा एक तरुण मित्राबरोबर मों ब्लांवर गेला. ४८०० मीटरहून उंच डोंगर आणि पायात जड सामान. परत आल्यावर तो कामाला लागला. त्याने तीच चौकट जरा पातळ केली असती तर आज त्याचं नाव कोणी घेतलं नसतं. त्याने विचारलं, चौकट हवीच कशाला? कडक बूट हीच चौकट नाही का? त्याने बुटाच्या नाकाला दोन्ही बाजूंनी धातूच्या खाचा बसवल्या आणि त्यात दोन पिना अडकवल्या. टाचेला आणखी दोन पिना. चढताना टाचेच्या पिना बाजूला, फक्त बूट वर उचलला जातो, बाइंडिंग स्कीवरच राहतं.

इथे रेघ मारा: त्याने वजन तर कमी केलंच, पण प्रत्येक पावलाला उगाच उचललं जाणारं वजन शून्यावर आणलं. माझ्या सॅकमध्ये मी नेमकं उलटं केलं होतं. ओझं पेलणारा भागच मी काढून टाकला होता.

एकटा खटका विकला जात नाही

बार्थेलची पुढची अडचण म्हणजे खाचा असलेला बूट बाजारात नसेल तर हे बाइंडिंग कोण घेणार? म्हणून बूट बनवणाऱ्या डायनाफिट कंपनीने हे तंत्र हाती घेतलं, तेव्हा कुठे गाडं पुढे सरकलं. तुमचं प्रॉडक्ट दुसऱ्याच्या प्रॉडक्टशिवाय चालत नसेल, तर त्या दुसऱ्या माणसाशी आधी बोला. माल तयार झाल्यावर नाही.

पेटंट संपल्यावर इतर कंपन्याही पिनवाली बाइंडिंग बनवू लागल्या. इटलीची एटीके, फ्रान्सची प्लम, स्वित्झर्लंडची फ्रिची. पेटंट म्हणजे कायमचं कुंपण नव्हे. त्या मुदतीत नाव कमवायचं असतं.

आज बाजारात काय आहे?

वजन एका पायाचं सांगतो, अंदाजे.

१. शर्यतीची: १०० ते २०० ग्रॅम. बऱ्याचदा ब्रेक नसतो आणि काहींमध्ये सुटण्याचा जोर ठरलेला असतो, बदलता येत नाही. २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्की माउंटेनिअरिंग पहिल्यांदा आलं, तिथे अशीच हलकी बाइंडिंग लागतात.

२. टूरिंगची: २०० ते ४०० ग्रॅम. सुटण्याचा जोर माणसाचं वजन, उंची, वय आणि सफाई पाहून लावता येतो. चढ तीव्र झाला की टाचेखाली आधार उघडतो. बऱ्याच मॉडेलांत ब्रेक लावता येतो.

३. उताराच्या शौकिनांची: ७०० ते ९०० ग्रॅम. सॅलोमनचं शिफ्ट हे २०१८ मध्ये आलं. चढताना पिना, उतरताना साध्या स्कीसारखी पक्की पकड. वजन सुमारे ८८० ग्रॅम.

यात सगळ्यात चांगलं कुठलं? हा प्रश्नच चुकीचा आहे. चांगला दुकानदार आधी विचारतो, “दादा, तुमचा दिवस चढण्यात जातो की उतरण्यात?”

काय गमावलं, तेही सांगा

हलकेपणाची किंमत असते. ब्रेक नसेल आणि स्की सुटली, तर ती दरीत जाते. चढताना नाकाचा खटका कुलूपबंद केला की बूट सहज सुटत नाही. अशा वेळी हिमकडा कोसळला तर पायातल्या स्की माणसाला खाली ओढतात. टूरिंग बाइंडिंगच्या सुरक्षेसाठी आयएसओ १३९९२ हे मानक आहे, पण प्रत्येक हलकं मॉडेल त्यात बसतंच असं नाही. नवख्या माणसाला फक्त ‘१५० ग्रॅम’ हा आकडा दाखवून शर्यतीचं बाइंडिंग विकलं, तर विक्री होईल. पण उद्या त्याचा गुडघा गेला, तर दोष बर्फाचा नसेल.

मी तेव्हा सॅकवर चिठ्ठी लावायला हवी होती: ‘एका दिवसासाठी, ६ किलोपर्यंतच.’ हेच वाक्य लिहून उरलेल्या सॅक मी नंतर विकल्या. एकही परत आली नाही. सॅक तीच होती. फक्त ती कोणासाठी आहे, ते मी आता खरं सांगत होतो.

आजचा गृहपाठ

तुमचं प्रॉडक्ट किंवा सेवा घ्या आणि तीन रकाने आखा.

- गिऱ्हाईक प्रत्येक वेळी उगाच काय उचलतं? (फॉर्म, चकरा, पॅकिंग, वाट पाहणं.) हे आधी काढा.
- ओझं कशावर पेललं जातं? याला हात लावायचा नाही.
- हलकं करताना काय गमावलं? हे एका वाक्यात लिहून प्रॉडक्टवर लावा.

तिसरा रकाना रिकामा राहिला, तर समजा अजून नीट पाहिलेलं नाही. तो भरल्याशिवाय कारागिराला ॲडव्हान्स देऊ नका. मी दिला होता.

भेटू पुढच्या आठवड्यात!