सापाची लस घोडा घेतो

प्रश्न : आमच्या गोठ्यातल्या जनावरांना लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची लस टोचून जातात. कुत्रा चावला तर माणसाला रेबीजची लस मिळते. मग साप चावायच्या आधीच टोचून घ्यावी अशी लस का निघत नाही? पूर्वी नाग धरणाऱ्यांना विष बाधत नाही असं आमच्याकडे म्हणायचे, ते खरं का? (एक वाचक, शिराळा)

उत्तर : हा प्रश्न नागपंचमीच्या बत्तीस शिराळ्याहून नाही यायचा तर कुठून यायचा! आधी शब्दाचा घोळ निस्तरू. ‘दवाखान्यात सापाची लस शिल्लक नाही’ असं आपण सर्रास म्हणतो, पण ती लस नव्हेच. लस शरीराला शिकवते आणि शिकलेलं शरीर स्वतःची प्रतिपिंडं तयार करतं. दवाखान्यातल्या कुपीत दुसऱ्या कुणाच्या तरी रक्तातली तयार प्रतिपिंडं असतात. तिला प्रतिविष म्हणायचं. तो दुसरा कोण, तर घोडा. खरी लस घेतली त्यानं.

घोड्याला आधी अगदी थोडं विष टोचतात, मग आठवड्यागणिक मात्रा वाढवत नेतात. त्याच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडं झाली की रक्त काढतात, द्रव वेगळा करतात आणि तांबड्या पेशी त्याला परत देतात. द्रव शुद्ध करून वाळवला की पांढरी भुकटी उरते. ती पाण्यात विरघळवून शिरेतून देतात. 1890च्या दशकात फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी ही वाट काढली आणि सव्वाशे वर्षांनंतरही आपण तिच्यावरूनच चालतोय. मुंबईच्या परळमधली हाफकिन संस्था 1899 साली प्लेगच्या लशीसाठी निघाली, पुढे प्रतिविषासाठीही तिचं नाव झालं. पुण्याच्या पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे सीरम काढण्यासाठी हाफकिनला जात. त्यातूनच 1966 साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. म्हणजे आज जगाला लशी पुरवणाऱ्या कारखान्याचं मूळ तबेल्यात आहे.

घोड्याला जमतं ते माणसाला का नको? कारण घड्याळ. रेबीजचा विषाणू नसांतून मेंदूकडे सरकतो, त्याला सहसा आठवडे लागतात, म्हणून चावल्यानंतर टोचलेली लसही त्याच्या आधी पोचते. नागाचं विष काही तासांत, कधी त्याहूनही लवकर, श्वास बंद पाडतं. लशीनं शिकवलेल्या शरीराला जुना धडा आठवून नवी प्रतिपिंडं काढायला काही दिवस लागतात. तोवर कारभार आटोपलेला. कुणी म्हणेल, धनुर्वाताची लसही विषाविरुद्धच असते की. असते, पण तिथे जंतू जखमेत बसून कणाकणानं विष सोडतो. साप एका दमात ओततो. त्याला तोंड द्यायचं तर रक्तात बारा महिने प्रतिपिंडांचा भरपूर साठा हवा, म्हणजे टोचण्या आयुष्यभर चालू. जपानच्या अमामी बेटांवर 1960च्या दशकात हाबू सापाविरुद्ध अशी लस माणसांना देऊन पाहिली होती, ती रुळली नाही.

शिवाय साप एक नाही. लाळ्या-खुरकूतच्या लशीत विषाणूचे तीन प्रकार घालतात, तसं आपल्या प्रतिविषात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष धरलेलं असतं. पण एकाच जातीच्या सापाचं विषही प्रांतागणिक बदलतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेनं हे दाखवून दिलंय. घोड्यांना टोचायचं विष मात्र मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा सापवाल्यांच्या सहकारी संस्थेकडून येतं. घोडा दक्षिणेचा साप शिकतो आणि आपल्याला चावतो तो वारणेकाठचा. मला विचाराल तर नव्या लशीआधी हा दोष दुरुस्त व्हायला हवा.

आता नाग धरणाऱ्यांचं. अधूनमधून झालेल्या दंशांनी कवच तयार होत नाही. नाग पुष्कळदा विष न सोडताच चावतो आणि त्याचं श्रेय माणसाच्या रक्ताला मिळतं. उलट वारंवार विषाशी संबंध आला तर ॲलर्जीनं जीव जाऊ शकतो. अमेरिकेत टिम फ्रीड नावाच्या माणसानं अठरा वर्षं स्वतःला हिशेबानं विष टोचून घेतलं, शेकडो दंश सोसले. त्याच्या रक्तातून निवडलेली दोन प्रतिपिंडं आणि एक औषध यांचं मिश्रण उंदरांवर नागकुळातल्या 19 जातींच्या विषांविरुद्ध तपासलं. 13 विषांपासून पूर्ण संरक्षण मिळालं. हे संशोधन मे 2025 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्याआधी सुनगर यांच्या प्रयोगशाळेनं अमेरिकी संशोधकांबरोबर नाग आणि मण्यारीच्या मुख्य विषद्रव्यावर चालणारं, घोड्याशिवाय बनणारं प्रतिपिंड तयार केलं होतं. दोन्ही अजून उंदरांपुरतीच आहेत. त्यातून उसात भेटणारी घोणस यात नाहीच. तिचं विष रक्ताचं गोठणं बिघडवतं, तो कारखानाच वेगळा. (हे वाचून कुणी घरी फ्रीड व्हायला जाऊ नये.)

म्हणजे तूर्त घोड्याची पुण्याई आणि आपली घाई. देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी 58 हजार माणसं दगावतात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे भातलावणीच्या आणि नागपंचमीच्याच दिवसांतले. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. खूण दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पापण्या जड झाल्या, पोट दुखू लागलं तर तेवढ्यावरही दवाखाना गाठावा. दंशावर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे तास घालवू नका. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि 108 ला फोन करा. साप मारून सोबत न्यायचीही गरज नाही. घोणसच्या विषाची शंका आली तर डॉक्टर थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत 20 मिनिटं उभं ठेवतात आणि नळी कलती करून पाहतात. रक्त गोठलं नसेल तर प्रतिविष लगेच सुरू होतं.