क्रीडांगणावरील भूमिती

फळ्यावर दोन काटकोन काढले आहेत असे समजा. एकाच्या भुजा वीतभर आहेत, दुसऱ्याच्या हातभर. यांतील मोठा कोन कोणता? हा प्रश्न विचारताच वर्गातील पुष्कळ बोटे दुसऱ्या आकृतीकडे वळतात. ही चूक आळसाची नव्हे. डोळ्यांना भुजांची लांबी दिसते. वळण दिसत नाही. आपल्या कोकणी घरांत ‘कोनसो’ म्हणजे भिंतीचा कोपरा, आणि भिंती काही हलत नाहीत. तेव्हा कोन हीदेखील एक स्थिर वस्तू आहे असे मुलांस वाटले, तर त्यात नवल ते काय?

परंतु कोन हे वळण्याचे माप आहे. ही गोष्ट लहानपणी मनात ठसली नाही, तर पुढील त्रिकोण, वर्तुळ व त्रिकोणमिती यांचा पायाच कच्चा राहतो आणि ‘मला गणित येत नाही’ ही समजूत घर करून बसते. म्हणून हा पाठ आपण कागदाऐवजी प्रथम क्रीडांगणावर शिकू. म्हापशात जून-जुलैच्या पावसाने मैदान चिखलमय झाले, तर शाळेचा व्हरांडाही पुरे.

प्रथम कवायत घ्या. ‘उजवीकडे वळ’ म्हटले की आपण ९० अंशांतून वळतो. दोनदा वळलो की पाठ फिरते. तो १८० अंशांचा सरळकोन. चार वेळा वळलो की तोंड पुन्हा पूर्वीच्याच दिशेला येते. तो ३६० अंशांचा पूर्णकोन. तीनदा उजवीकडे वळणे आणि एकदा डावीकडे वळणे यांचा शेवट एकाच दिशेला होतो. पण पहिले वळण २७० अंशांचे, दुसरे ९० अंशांचे. प्रविशाल कोन म्हणजे काय, हे याहून सोपे कोण सांगेल?

आता वर्गातील सर्वांत उंच व सर्वांत ठेंगणा असे दोघे शेजारी उभे राहोत. दोघांनीही मांडीलगतचा हात ताठ ठेवून बाजूने खांद्याच्या पातळीपर्यंत उचलावा. एकाचा हात ६० सेंटिमीटर असेल, तर त्याच्या बोटाचे टोक सुमारे ९४ सेंटिमीटर प्रवास करील. दुसऱ्याचा ४५ सेंटिमीटर असेल, तर सुमारे ७१. प्रवास निरनिराळा, पण वळण दोघांचेही ९० अंश! फळ्यावरील काटकोनांच्या कोड्याचे हेच उत्तर.

यानंतर आसनांकडे वळू. लोणावळ्यास १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापन करून योगाभ्यासाला शास्त्रीय मोजमापाची जोड दिली. २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने शिकलेली आसने भूमितीच्या तासालाही उपयोगी पडतात.

दंडासनात पाय पसरून ताठ बसा. कमरेचा सांधा हा शिरोबिंदू. पाय ही एक भुजा, पाठ ही दुसरी. हा झाला काटकोन. पश्चिमोत्तानासनासाठी पुढे वाकू लागलात की त्याचा लघुकोन होतो. हात मागे टेकून रेललात की विशालकोन होतो, आणि उताणे निजलात की सरळकोन. भुजा त्याच राहिल्या. बदलले ते केवळ वळण.

तसेच उताणे निजून दोन्ही पाय जमिनीपासून ३० अंश उचला. आता पाय व धड यांमधील कोन १५० अंशांचा झाला. पाय ६० अंश उचलले तर उरले १२०. ९० उचलले तर ९०. बेरीज प्रत्येक वेळी १८०. पुस्तकातील पूरककोन ते हेच.

त्रिकोणासनाच्या आरंभी पाय फाकून उभे राहतो, तेव्हा दोन पाय व जमीन मिळून एक त्रिकोण होतो. पावलांतील अंतर पायाच्या लांबीएवढे ठेवले, तर ढोबळ मानाने तिन्ही कोन ६० अंशांचे होतात. पावले जवळ आणून वरचा कोन ४० अंशांचा केला, तर खालचे दोन्ही ७० अंशांचे होतात. एकाने गमावले ते इतरांनी कमावले. बेरीज मात्र ढळली नाही.

खेळांतही कोन आहेतच. बारा मुले समान अंतरावर गोलाकार उभी करा. मध्ये उभ्या असलेल्या मुलाला एका गड्याकडून शेजारच्या गड्याकडे पाहण्यास ३० अंश वळावे लागते. घड्याळाचा मिनिटकाटाही पाच मिनिटांत एवढाच वळतो. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याने एकदा घेतलेल्या दिशेपासून खांद्यांची रेषा काटकोनाहून अधिक वळविली, तर तो नियमभंग ठरतो. म्हणजे तेथे पंचाला नजरेने काटकोन ओळखावा लागतो. चतुर्थीच्या फुगडीत दोघी मैत्रिणी अर्धी गिरकी घेऊन एकमेकींच्या जागी येतात, तेव्हा १८० अंश होतात. दहा पूर्ण गिरक्या म्हणजे ३,६०० अंश! वळणाला ३६० ची मर्यादा नाही, हे फुगडी शिकविते.

दोन गोष्टी मात्र ध्यानात असाव्यात. अंशांच्या हट्टापायी कोणीही शरीर ताणू नये. ज्याला वाकता येईल तितके त्याने वाकावे; कोन लहान असो वा मोठा, तो मोजण्याजोगाच असतो. ज्याला दुखापत वा आजार असेल, त्याने कोनमापक हाती घेऊन मोजणी करावी. तोही पाठाचाच भाग आहे. दुसरे असे की, शरीर प्रचीती देते, सिद्धता देत नाही. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश का, याची सिद्धता वहीतच लिहावी लागते. मात्र अंगाने अनुभवलेली गोष्ट सिद्ध करताना मन बिचकत नाही.

म्हणून प्रत्येक आसनानंतर त्याची काडीचित्राकृती वहीत काढा, शिरोबिंदू दाखवा, कोन किती असेल याचा प्रथम अंदाज लिहा व नंतर कोनमापकाने पडताळा. घरी धाकट्या भावंडांकडूनही हे करवून घ्या. चार दिवसांत अंदाज व माप यांतील अंतर कमी होऊ लागेल. ज्या दिवशी फळ्यावरील आखूड व लांब भुजांचे काटकोन तुम्हांस सारखेच दिसतील, त्या दिवशी कोन तुम्हांस खऱ्या अर्थाने समजला असे जाणा.