दोनदा लिहिलेली साक्ष

पाठ: लूक २२:३१-३४, गलतीकरांस पत्र ६:१-५

व्यसनातून सुटलेल्या मनुष्याची साक्ष ऐकणे आपल्या मंडळ्यांस फार आवडते, आणि ते योग्यच आहे. परंतु ती साक्ष केव्हा घ्यावी, व ती दिल्यानंतर त्या मनुष्याची काळजी कोणी वाहावी, ह्याचा विचार आपल्यामध्ये क्वचितच होतो. म्हणून ह्या पाठासोबत आम्ही अमेरिकेतील विख्यात गायक जॉनी कॅश ह्याची आत्मवृत्ते घेतली आहेत. मनुष्य एकच, व्यसनही एकच. पण आपली कथा त्याला दोनदा लिहावी लागली.

त्याचा जन्म १९३२ साली आर्कान्सा संस्थानात एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. बालपण कापूस वेचण्यात गेले. ते काम कसे असते हे आमच्या वऱ्हाड-खानदेशच्या वाचकांस सांगावयास नको. त्याचा वडील बंधू जॅक ह्याला उपदेशक व्हावयाचे होते. तो १९४४ साली यांत्रिक करवतीच्या अपघाताने मरण पावला. तेव्हा जॉनी बारा वर्षांचा होता, आणि ते दुःख त्याला जन्मभर पुरले. पुढे मेम्फिस शहरी भक्तिगीते गाण्याच्या इच्छेने तो ध्वनिमुद्रिका काढणाऱ्याकडे गेला. पण असली गीते विकली जात नाहीत, असे उत्तर त्याला मिळाले. मग १९५६ साली एका प्रेमगीताने त्याचे नाव देशभर झाले.

कीर्तीबरोबर प्रवास आला, आणि प्रवासाबरोबर जागरण. १९५७ च्या सुमारास कोणीतरी त्याला झोप उडविणारी एक गोळी दिली. त्या काळी तेथे डॉक्टर अशा गोळ्या सहज लिहून देत; रात्रभर मालमोटारी हाकणारे लोकही त्या घेत असत. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण व्यसन गुत्त्याच्याच दाराने येते असे नाही. जागे राहण्यास एक गोळी, मग झोप यावी म्हणून दुसरी, आणि शरीर सरावले म्हणजे एकीच्या जागी अनेक. १९६५ साली मेक्सिकोच्या सरहद्दीवर त्याला अटक झाली, तेव्हा त्याच्याजवळ हजाराहून अधिक गोळ्या सापडल्या. चार मुली झाल्यानंतर पहिले लग्नही मोडले.

१९६७ साली आपण मरण्याच्या हेतूने टेनेसीतील एका गुहेत शिरलो, आणि तेथे देवाच्या समक्षतेचा अनुभव येऊन बाहेर आलो, असे तो लिहितो. पुढील चरित्रकारांस ह्या कथेविषयी शंका आहे. ती असो वा नसो, आम्हांस त्या गुहेपेक्षा तिच्यानंतरचे दिवस महत्त्वाचे वाटतात. जून कार्टर, जिच्याशी त्याने १९६८ साली विवाह केला, ती आपल्या आईबापांसह त्याच्या घरी येऊन राहिली. गोळ्या आणून देणाऱ्यांस त्यांनी दाराबाहेर ठेविले. डॉक्टर नॅट विन्स्टन ह्यांनी उपचार केले. प्रार्थना झाली, पण पहाराही झाला.

१९७५ साली पहिले आत्मवृत्त प्रसिद्ध झाले. तोवर तो बिली ग्रॅहम ह्यांच्या मोठ्या सभांतून गात व साक्ष देत होता. ते पुस्तक अनेकांच्या उपयोगी पडले. त्यात कपट नव्हते. तरी पुढे काही वर्षांतच गोळ्या परतल्या. १९८१ साली त्याने पाळलेल्या शहामृगाने लाथ मारून त्याच्या बरगड्या मोडल्या. वेदनेसाठी औषध घेतले, आणि वेदना गेली तरी औषध सुटले नाही. अखेरीस घरच्या माणसांनी एकत्र जमून, त्याच्या वागण्याने आपणांस काय सोसावे लागले हे त्याला तोंडावर सांगितले. तेव्हा तो कॅलिफोर्नियातील बेटी फोर्ड केंद्रात उपचारास गेला. त्यानंतरही घसरणे झालेच. १९९७ सालच्या दुसऱ्या आत्मवृत्तात त्याने हे कबूल केले आहे, आणि ह्या शत्रूविरुद्ध आपल्याला जन्मभर जागे राहावे लागेल असे मानले आहे.

आमच्या मते मंडळीला हे दुसरे पुस्तक अधिक उपयोगी आहे. आम्हीही एकदा चुकलो. एका भावाने दारू सोडून पुरते तीन महिने झाले नव्हते, तोच आम्ही त्याला हंगामाच्या उपासनेत व्यासपीठावर उभे केले. लोकांचे डोळे पाणावले. पुढे एका बाजाराच्या दिवशी तो प्याला. ज्यांच्यासमोर साक्ष दिली त्यांना तोंड कसे दाखवावे, ह्या लाजेने तो उपासनेस येईनासा झाला, आणि आम्ही त्याच्या घरी जाण्यास फार उशीर केला. त्याच्या पिण्याला आम्ही कारण नव्हतो. पण त्याची परतीची वाट आम्हीच अरुंद केली.

पेत्र नाकारणार हे प्रभूला आधीच ठाऊक होते. तरीही त्याने पेत्रासाठी प्रार्थना केली, आणि परत फिरल्यावर करावयाचे काम अगोदरच नेमून दिले. गलतीयाच्या मंडळ्यांस लिहिताना पौल पडलेल्यास उचलावयास सांगतो, आणि उचलणाऱ्याने स्वतःकडेही पाहावे असे बजावतो. हे दोन्ही उतारे शिक्षकांनी बुधवारच्या प्रार्थनासभेत एकामागून एक वाचावे. परंतु सभेपूर्वी मंडळीतील एका वडिलास बरोबर घेऊन, ज्याची उपासनेतील जागा काही आठवडे रिकामी आहे त्याच्या घरी जाऊन यावे.