पडद्याआडचे दैव

फाशांनी दिलेल्या दानाविषयी माझी कधीच तक्रार नव्हती, आणि पात्राची गरज ओळखून डीएमने (डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने) विचारपूर्वक ठेवलेल्या खजिन्याविषयीही नाही. तक्रार आहे ती आपली मर्जी दैवाच्या नावावर खपवणाऱ्या माणसाविषयी, आणि अशा एका गृहस्थांच्या मेजावर दीर्घकाळ भाला परजल्यामुळे ती करण्याचा अधिकार मला निश्चित आहे.

खजिना फाशांनी द्यावा की योजून, हा वाद मुळात जुना व प्रतिष्ठित आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केले तेव्हा राक्षसागणिक खजिन्याचे अक्षर ठरलेले असे आणि मोहरा, रत्ने, जादूच्या वस्तू सर्व फाशांवर निघत. शिवाय बाहेर आणलेल्या सोन्याच्या हिशेबानेही अनुभवगुण मिळत असल्याने खजिन्याचे वाटप ही किरकोळ बाब नव्हती. पुढे २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने कोणत्या पातळीवर किती दौलत असावी याचा तक्ताच बांधून दिला. २००८ च्या चौथीने पातळीमागे दहा वाटे ठरवून खेळाडूंकडून इच्छित वस्तूंच्या याद्या मागवण्याची शिफारस केली. आणि २०१४ च्या पाचवीने पुन्हा शतांश फासे पुढे सरकवले. या सर्व पद्धती आपापल्या परीने प्रामाणिक आहेत.

आमच्या डीएमसाहेबांची पद्धत यांपैकी कोणतीच नव्हती. ओगरच्या गुहेत त्यांनी पडद्यामागे फासे खुळखुळवले, भुवया उंचावल्या आणि जाहीर केले की, स्टाफ ऑफ पॉवर (जादूची काठी) निघाला; तो त्यांच्या जिवलग मित्राच्या विझार्डच्या हाती गेला आणि आम्ही, भोळेपणाने, टाळ्याही वाजवल्या. पुढील खजिन्यात माझ्या वाट्यास आला +२ त्रिशूळ. माझा फायटर हॅलबर्डवाला, पोलआर्म मास्टर घेतलेला. त्या कौशल्यास त्रिशूळ चालत नाही, हे त्यांना ठाऊक होते. मी अदबीने विचारले तेव्हा उत्तर आले, ‘‘फासे माझ्या हातात आहेत, दान नाही.’’ हे वाक्य उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर जी विरक्त प्रसन्नता होती, ती मी आजही विसरू शकलेलो नाही.

पुढे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचा डीएमसाठीचा ग्रंथ मी स्वतः विकत घेतला आणि एका रात्री त्यातील जादूच्या वस्तूंचा ‘जी’ तक्ता उघडला. तेथे केवळ ‘+२ शस्त्र’ एवढेच लिहिलेले होते. शस्त्र कोणते, हे ठरवण्याची मुखत्यारी डीएमकडे सोपवलेली. म्हणजे त्रिशूळ फाशांनी दिलाच नव्हता! मग पाने मागे उलटली. ओगरचा आव्हान-अंक दोन. शून्य ते चार या अंकांच्या खजिन्यातून ए, बी, सी, एफ व जी एवढेच तक्ते निघतात, आणि स्टाफ ऑफ पॉवर अतिदुर्मिळ असल्याने एच तक्त्यात बसतो. शंभरपैकी कोणतेही दान पडो, ती काठी त्या गुहेतील खजिन्याच्या तक्त्यातून निघणे अशक्य होते. ग्रंथ मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. संताप काठीचा नव्हता, टाळ्यांचा होता.

तेव्हा नव्या मेजावर बसणाऱ्यांनी पहिल्याच बैठकीत विचारून घ्यावे: खजिन्याचे फासे पडद्याबाहेर पडतील काय, कोणता तक्ता वापरला हे मोठ्याने सांगितले जाईल काय, आणि ‘+२ शस्त्र’ निघाल्यास त्याचा प्रकार कोण ठरवील. शेवटचा प्रश्न फार थोडे लोक विचारतात आणि भांडणे तेथेच होतात. माझ्या मते तो प्रकार ज्याच्या वाट्यास शस्त्र आले त्याच्यावर सोडावा, निदान दुसरे दान उघड टाकावे. एकाच वेळी तीनच वस्तूंशी अट्यूनमेंट (काही जादूच्या वस्तू वापरण्यास लागणारा बंध) साधता येते, याचेही भान वाटपात असावे. नको असलेली वस्तू विकून टाकू, या भरवशावर राहू नये. पाचव्या आवृत्तीत जादूच्या वस्तूस गिऱ्हाईक शोधणे हेच एक काम होऊन बसते. 

डीएमने खजिना योजून ठेवला असेल तर तसे खुशाल सांगावे. आमच्या डीएमसाहेबांनी ‘काठी मित्रास द्यायची होती’ म्हटले असते, तरी मी कुरकुरून का होईना खेळत राहिलो असतो. मी ते पान त्यांच्यापुढे धरले तेव्हा त्यांनी ‘‘खेळ आहे हो, एवढे काय मनावर घेता,’’ म्हणून विषय बदलला. आजही ते फाशांच्या निःपक्षपातीपणावर नवख्यांना व्याख्यान देतात असे कानावर येते. ओगरची ती काठी कोणत्या तक्त्यातून आली, एवढेच त्यांनी अद्याप कोणास सांगितलेले नाही.