नावाआधीचं ‘डॉ.’

(भाची अकोल्याची. बीडीएस होऊन जठारपेठेत नुकताच दवाखाना थाटलाय. मामा अमरावतीचे, तेही दातांचेच डॉक्टर. आकाशवाणीवर बोलणं आणि वर्तमानपत्रात सदर लिहिणं हा त्यांचा जुना नाद. रविवारी दुपारी राजापेठेतल्या घरी चहा झाल्यावरच्या या गप्पा.)

भाची : मामा, माझं ठरलं. सकाळी दवाखाना आणि संध्याकाळी मीडिया.

मामा : कर ना, नाही कोण म्हणतं? पण मीडियात जाऊन दातांबद्दल बोलणार, की दात सोडून दुसरंच काही करणार?

भाची : त्यानं काय फरक पडतो?

मामा : सगळा फरक तिथंच आहे, माय. दात सोडून गेलेल्यांतला सगळ्यात मोठा माणूस आपल्या याच गावात वारला. डॉ. काशिनाथ घाणेकर. 2 मार्च 1986. दौऱ्यावर असताना इथं अमरावतीत हृदयविकाराचा झटका आला. वय अवघं पंचावन्न.

भाची : हाव, सुबोध भावेंचा सिनेमा पाहिला मी. पण ते अमरावतीत गेले हे लक्षातच नव्हतं.

मामा : तो सिनेमा 2018 चा. घाणेकर मूळचे चिपळूणचे, पेशानं दंतवैद्य. 1962 साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये संभाजी केला, 1966 साली ‘अश्रूंची झाली फुले’मध्ये लाल्या. दोन्ही नाटकं वसंत कानेटकरांची. लाल्या रंगमंचावर आला की थिएटरात शिट्ट्या पडायच्या, आणि त्याही मराठी नाटकाला! श्रेयनामावलीत बाकी सगळ्यांची नावं संपली की शेवटी यायचं, ‘आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’. सिनेमाचं नाव त्यावरूनच घेतलंय.

भाची : म्हणजे डिग्रीचा उपयोग झालाच की त्यांना.

मामा : नावाला वजन आलं असेल, पण नाटक चाललं ते अभिनयावर. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, निलेश साबळे आयुर्वेदाचे डॉक्टर. त्यांच्या ‘डॉ.’चा प्रेक्षकाच्या तब्येतीशी काही संबंध नव्हता. लाल्याचं ऐकून कोणी अक्कलदाढ काढून घेतली नाही! तू मात्र कोट घालून कॅमेऱ्यासमोर बसलीस, की लोक तू सांगशील ते घरी जाऊन करणार. म्हणून तुझ्या रस्त्यावर नियम आहेत, त्यांच्या रस्त्यावर नव्हते.

भाची : मी पहिला व्हिडिओ केलासुद्धा. हा बघा.

मामा : (पाहून) वेडेवाकडे दात, मग सरळ दात, मग तुझ्या दवाखान्याचा बोर्ड, आणि खाली ‘पहिल्या पन्नास जणांना सवलत’. आजच काढून टाक.

भाची : काऊन? सगळेच तर टाकतात!

मामा : सगळे टाकतात म्हणून नियम बदलत नाही. भारतीय दंत परिषदेची 2014 ची आचारसंहिता वाच एकदा. दवाखाना उघडला, पत्ता बदलला, काही दिवस बाहेरगावी आहे, परत आले, एवढं जाहीर करायला मुभा आहे. सार्वजनिक आरोग्याबद्दल स्वतःच्या नावानं लिहायला, रेडिओ-टीव्हीवर बोलायलाही मुभा आहे. पण त्यातून पेशंट ओढायचा नाही. आणि ज्याचे दात दाखवलेस त्याची लेखी परवानगी घेतली होतीस?

भाची : तोंडी विचारलं होतं.

मामा : गाव एवढंसं आपलं. नुसत्या हसण्यावरून माणूस ओळखू येतो. लेखी घेत जा.

भाची : पण हे जरा जुनाट वाटत नाही का? डॉक्टरनं स्वतःबद्दल बोलूच नये म्हणजे काय?

मामा : थोडं जुनाट आहे, मान्य. मोठी साखळी क्लिनिकं चौकाचौकात फलक लावतात आणि एकट्या डॉक्टरनं गप्प बसायचं, हे मलाही पटत नाही. पण असले नियम आले कुठून, ते ऐक. अमेरिकेत पार्कर नावाचा दंतवैद्य होता. सर्कस घेऊन फिरायचा, बॅंडच्या तालावर भर रस्त्यात दात उपटायचा. एका दिवसात काढलेले म्हणून 357 दातांची माळ गळ्यात! दुखणार नाही अशी जाहिरात करायचा. ती खोटी जाहिरात ठरू नये म्हणून 1915 साली त्यानं कायद्यानं आपलं नावच ‘पेनलेस’ करून घेतलं. आता बोला! नावच पेनलेस म्हटल्यावर कोण काय करणार?

भाची : (हसून) हा तर आजच्या रीलवाल्यांचा आजोबा.

मामा : पणजोबा म्हण.

भाची : बरं, सवलत नको, बोर्ड नको. पण एखाद्या टूथपेस्टवाल्यानं पैसे देऊ केले तर? तो काही माझा दवाखाना नाही.

मामा : तेही नाही. औषध असो की पेस्ट, आपलं नाव-फोटो वापरून शिफारस करायची नाही, हे त्याच संहितेत आहे. सेन्सोडाइनचं प्रकरण आठवतं? जाहिरातीत दाखवले होते परदेशातले दंतवैद्य. 2022 च्या फेब्रुवारीत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं त्या जाहिराती बंद करायला लावल्या. इथल्या डॉक्टरांना जे करता येत नाही, ते बाहेरचे डॉक्टर आणून करायचं नाही, असा मुद्दा होता. पुढच्याच महिन्यात जगभरचे दंतवैद्य शिफारस करतात वगैरे दाव्यांबद्दल कंपनीला दहा लाखांचा दंड झाला.

भाची : बाप्पा! मग पैसे मिळणार तरी कुठून?

मामा : फारसे मिळणारच नाहीत. चॅनलच्या चर्चेला बोलावतात ते बहुतेक फुकट, सदराचं मानधन पेट्रोलपुरतं. कमाई दवाखान्यातच. शिकवणं, आरोग्यपुस्तिका लिहून देणं, दुसऱ्यांचा मजकूर तपासणं, यातून थोडंफार सुटतं. त्याला करिअर म्हणायचं तर दहा वर्षांच्या हिशेबानं म्हण. आणि हो, 2023 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरांसाठी सूचना काढल्यात. तू नोंदणीकृत डॉक्टर आहेस हे व्हिडिओत सांगायचं.

भाची : ते सोपं आहे. पण मग बोलू कशावर? ब्रश कसा करावा यावर हजार व्हिडिओ पडलेत.

मामा : तुझ्या खुर्चीत रोज कोण येतं?

भाची : खर्रा खाणारे. गेल्या आठवड्यात एक पोट्टा आला, विशीतला असेल. आरसा आत घालायला जागा नव्हती, इतकं तोंड आखडलेलं.

मामा : मग विषय शोधत कुठं फिरतेस? गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण टपरीवर प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू, चुना घोटून देतात त्याचं काय? वऱ्हाडात खर्रा कसा घोटतात, किती वेळ गालात धरतात, हे पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला पुस्तकातून शिकावं लागतं. तुला लहानपणापासून माहीत आहे. बोल पाहू, मी घड्याळ लावतो.

भाची : “नमस्कार. सुपारीच्या दीर्घकालीन सेवनामुळे मुखातील श्लेष्मल त्वचेखालील ऊतींमध्ये तंतुमयता निर्माण होऊन...”

मामा : थांब. टपरीवरचा पोट्टा पुढच्या व्हिडिओवर गेला. तो खुर्चीत बसला होता तेव्हा त्याला काय विचारलंस?

भाची : जेवताना तिखट लागतं का, म्हटलं. तर म्हणे, “म्याडम, ठेचा सोडला मी. तोंडाची आग होते.”

मामा : झाली तुझी सुरुवात! ठेचा सोसत नाही, तोंडाची आग होते, इथूनच धर. मग सांग : समोरच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये आपल्याच हाताची तीन बोटं उभी घालून बघा.

भाची : आपल्याच हाताची, कारण बोटांचं माप माणसागणिक वेगळं.

मामा : बरोबर. बोटं जात नसतील तर दातांच्या डॉक्टरला दाखवा, म्हण. कॅन्सर झाला म्हणायचं नाही. अक्कलदाढेची सूज असेल, जबड्याचा सांधा असेल, त्यानंही तोंड उघडत नाही. पण खर्रा खाणारा असेल तर सुपारीनं गालाच्या आत पट्टे धरलेले असू शकतात, ते पूर्ववत होत नाहीत आणि त्यातून पुढं कॅन्सरचा धोका वाढतो, हे स्पष्ट सांग. नुसती तंबाखू सोडून सुपारी चालू ठेवणाऱ्यांना हे मुळीच माहीत नसतं.

भाची : भाषा वऱ्हाडी ठेवू?

मामा : जशी पेशंटशी बोलतेस तशी ठेव. विनोदासाठी वऱ्हाडी बोलू नको, ते लगेच कळतं. आपल्या भाषेत हसवणारे खूप झाले, आपल्या भाषेत रोग समजावणारे कमी. हेच माझं म्हणणं आहे, बाकी कॅमेरा कोणता, दिवा कोणता, ते तुझी पिढी जास्त जाणते. फक्त आवाज नीट घे. चित्र धुरकट असलं तर लोक सोसतात, आवाज खरखरला की पुढं जातात. आणि मास्क लावून बोलू नको.

भाची : आकाशवाणीवर संधी मिळेल?

मामा : अकोला केंद्राला लिहून बघ. विषय आणि तुझी पात्रता कळव. तिथं भाषणाची संहिता आधी द्यावी लागते, वेळ ठरलेली असते, कंपनीचं नाव घेता येत नाही. शिस्त लागते माणसाला. मोबाइलवर पाल्हाळ लावणारी पोरं तिथं दोन वेळा बोलली की सुधारतात.

भाची : आणि लोक खाली प्रश्न विचारतात त्यांचं काय करू? एकीनं फोटो पाठवला, दाढ काढू का म्हणून. एक दर्यापूरचा शेतकरी म्हणतो, आमचं पाणी खारं, म्हणून पोरांचे दात पिवळे.

मामा : फोटोवर दाढ काढायला सांगायची नाही, तपासून घ्या म्हणायचं. तो शेतकरी मात्र चांगला विषय देतोय. खारपाणपट्ट्यातलं पाणी खारं आहे हे खरं, पण खारटपणा वेगळा आणि फ्लोराइड वेगळं. दातांवर डाग फ्लोराइडनं पडतात, आणि फ्लोराइड जिभेला कळत नाही. त्यांच्या विहिरीचं पाणी तपासून घ्यायला सांग. अहवाल आला की त्यावर कर दुसरा व्हिडिओ.

भाची : आणि अहवालात फ्लोराइड नसलंच तर?

मामा : तर नाही म्हणून सांग. तोही व्हिडिओ कर.